नीटची टेस्ट सिरीज कशी निवडायची आणि टेस्ट झाल्यावर काय आधी वाचायचं

दिवाळी झाली की नीट म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेबद्दल मला मेसेज यायला लागतात. ताई कुठली टेस्ट सिरीज लावू, ताई फिजिक्स आधी करू का बायो, ताई मी ४०० च्या पुढे जातच नाहीये. मी स्वतः रिपीटर, दुसऱ्या वर्षी सीट मिळाली, आणि त्या दोन वर्षांत टेस्टच्या बाबतीत करायच्या त्या जवळजवळ सगळ्या चुका करून झाल्यात. त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच पोरांचे पेपर त्यांच्या शेजारी बसून तपासले. म्हणून आता एकदाच सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

आधी मुद्द्याचं बोलते. मॉक टेस्ट ही तुम्हाला किती मार्क पडतील हे बघायला नसते. उद्या सकाळी उठून कुठलं पुस्तक उघडायचं हे ठरवायला असते. जी टेस्ट तुम्हाला हे सांगत नाही ती कितीही नावाजलेली असू दे, तुमचे तीन तास गेले.

आता सध्याचा पेपर कसा आहे ते डोक्यात पक्कं करा, कारण जुनी माहिती अजून फिरत असते. २०२५ पासून पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा, ७२० मार्कांचा आहे. बायो ९० प्रश्न म्हणजे ३६०, फिजिक्स ४५ म्हणजे १८०, केमिस्ट्री ४५ म्हणजे १८०. बरोबर आलं तर +४, चुकलं तर −१, सोडलं तर शून्य, आणि एकाच प्रश्नाला दोन गोल काळे केले तर ते चूकच धरतात. मधे २०२१ ते २०२४ या चार वर्षांत २०० प्रश्न यायचे आणि त्यातले १८० सोडवायचे, सेक्शन बी मध्ये १५ पैकी १० निवडायचे असा प्रकार होता, तो गेला. आता चॉइस नाही. त्यामुळे कुणी मोठ्या भावाची जुनी टेस्ट सिरीज दिली आणि त्यात सेक्शन ए, सेक्शन बी दिसलं तर प्रश्न वापरा, पण वेळेचा सराव त्यावर करू नका, कारण अवघड प्रश्न ऑप्शनला टाकायची सवय लागते आणि खऱ्या पेपरात ती सोय नसते.

दुसरी गोष्ट सिलॅबसची. २०२४ च्या परीक्षेपासून सिलॅबस बदललाय. केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर वगैरे गेलं, बायोतून डायजेशन, मिनरल न्यूट्रिशन, ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स गेलं, आणि फिजिक्समध्ये एक्सपेरिमेंटल स्किल्स आलं म्हणजे व्हर्निअर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज असल्या प्रयोगांवरचे प्रश्न. कुठलीही सिरीज घ्यायच्या आधी तिचा एखादा फुल सिलॅबस पेपर मागा आणि सॉलिड स्टेटचा प्रश्न आहे का ते बघा. असेल तर समजा की त्यांनी जुनेच पेपर नवीन तारीख टाकून विकायला काढलेत. दोन मिनिटांचं काम आहे, पण पोरं करत नाहीत, मित्रानं लावली म्हणून लावतात.

सिरीज तपासायची कशी

एक नमुना पेपर घ्या आणि एक दुपार त्याच्यासोबत बसा. सोडवायचा नाही, तपासायचा. बायोचे कुठलेही वीस प्रश्न घ्या आणि प्रत्येकाचं उत्तर एनसीईआरटीत, म्हणजे केंद्राच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांत, कुठल्या पानावर आहे ते शोधा. वीसपैकी सतरा-अठरा सापडले तर सिरीज ठीक. पाच-सहा प्रश्न असे निघाले की जे एनसीईआरटीत कुठेच नाहीत, कुठल्या तरी जाड पुस्तकातून उचललेत, तर ती सिरीज तुम्हाला घाबरवण्यासाठी बनवलीय, शिकवण्यासाठी नाही.

फिजिक्सचं वेगळं बघायचं. तिथे प्रश्न किती मोठा आहे ते बघू नका, पर्याय कसे निवडलेत ते बघा. साधा प्रश्न सांगते, एक तार ताणून तिची लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स किती पट होईल. घाईत पोरगं म्हणतं दुप्पट, कारण लांबी दुप्पट झाली. पण तार ताणली की ती बारीकही होते, तारेचं व्हॉल्यूम तेवढंच राहतं ना, म्हणजे एरिया निम्मा होतो, म्हणून रेझिस्टन्स चौपट. आता ज्यानं पेपर नीट काढलाय तो पर्यायात चौपट तर देतोच, पण दुप्पटही देतो, निम्माही देतो, आणि कुणी आठपट का म्हणेल हाही विचार त्यानं केलेला असतो. म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरी चूक उभी असते, आणि तुम्ही कुठला गोल काळा केला त्यावरून तुमचं नेमकं काय अडलंय ते कळतं. जिथे चुकीचे तीन पर्याय नुसते इकडचे तिकडचे आकडे टाकलेत तिथे चुकलात तरी काहीच कळत नाही. आणि ज्या सिरीजमध्ये प्रत्येक दुसरा प्रश्न जेईई अॅडव्हान्सला शोभेल असा असतो तीही नको. २०२५ चं फिजिक्स फार अवघड गेलं हे खरंय, तेव्हापासून बऱ्याच सिरीजवाल्यांनी फिजिक्स नुसतं लांबट करून ठेवलंय, लांबट आणि चांगलं यात फरक आहे.

मग सोल्युशन. नुसतं उत्तर ‘३’ असं लिहिलं असेल तर उपयोग नाही. बाकीचे तीन का चूक हे लिहिलेलं पाहिजे, निदान बायो आणि इनऑर्गॅनिकला तरी.

आणि आन्सर की. इथे माझं स्वतःचं सांगते कारण हे मला महागात पडलं. रिपीटच्या वर्षी मी एका क्लासची सिरीज लावली होती, त्यात सेल सायकलवर प्रश्न होता, एस फेजनंतर क्रोमोसोमची संख्या किती. मी २एन लिहिलं. की मध्ये ४एन होतं. मला इतकी शंका आली स्वतःवर, पण छापलंय म्हणजे बरोबर असणार असं धरून मी माझ्या वहीत ‘एस फेज मध्ये दुप्पट’ असं लाल पेनानं लिहून टाकलं आणि दोन महिने तेच पाठ करत राहिले. एनसीईआरटीत स्पष्ट लिहिलंय की डीएनए २सी चा ४सी होतो पण क्रोमोसोम २एन च राहतात. म्हणजे जे येत होतं ते मी त्या कीमुळे विसरले. म्हणून नियम करा, तुमचं उत्तर आणि की जुळत नसेल तर तिसरा साक्षीदार एनसीईआरटी, वहीत काही लिहायच्या आधी तिथे जायचं. आणि एका पेपरात तीन-चार उत्तरं चुकीची सापडली तर ती सिरीज बंद करा, पैसे गेले तर गेले.

भाषेचंही बघा. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्लिश आणि अकरावीला एकदम सगळं इंग्लिश असं बऱ्याच जणांचं होतं. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, १३ भाषांमध्ये असतो, फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते, आणि भाषांतरात काही गोंधळ असेल तर इंग्लिश प्रश्न ग्राह्य धरतात. माझं मत असं की अकरावी-बारावी इंग्लिशमधून शिकलात तर पेपरही इंग्लिशच ठेवा, कारण वर्गात ‘एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम’ ऐकलेलं असतं आणि पेपरात ‘आंतर्द्रव्यजालिका’ वाचून दोन सेकंद डोकं थांबतं, असे दोन-दोन सेकंद १८० वेळा. पण मराठीच घेणार असाल तर टेस्टही मराठीतच द्या, सराव एका भाषेत आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत हे करू नका.

फुकटचं आधी वापरा. एनटीएनं, म्हणजे नीट घेणाऱ्या संस्थेनं, २०२० मध्ये नॅशनल टेस्ट अभ्यास नावाचं अॅप काढलं होतं मॉक टेस्टसाठी, आणि आयआयटी कानपूर व शिक्षण मंत्रालयाचं साथी नावाचं पोर्टल आहे, त्यावर नीटची तयारी आहे. हे बघून मग विकतचं काय हवं ते ठरवा. आणि एकच सिरीज घ्या. तीन सिरीज लावून प्रत्येकीचे अर्धे पेपर दिलेली पोरं मी पाहिलीत, एकीच्या टेस्टला ५२० पडतात, दुसरीला ४३०, आणि मग आठवडाभर हेच चालू असतं की माझा खरा स्कोअर कुठला.

खरा स्कोअर असा नसतोच, हे नीट समजून घ्या. २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० जाहीर झाले होते, सुधारित निकालात ते १७ झाले, तरी १७ जण पैकीच्या पैकी. पुढच्याच वर्षी २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. जनरलचा पात्रतेचा कटऑफ २०२४ ला १६२ होता, तो १४४ वर आला. म्हणजे खरा पेपरच एका वर्षात एवढा वरखाली होतो तर वेगवेगळ्या क्लासच्या मॉकचे मार्क एकमेकांशी कसे ताडून बघणार. एकाच सिरीजमध्ये तुमचं बरोबर-चूक-सोडलेलं याचं प्रमाण कसं बदलतंय ते बघा, आणि बाकी सोडा.

जुने पेपर उधळू नका

हे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. मागच्या वर्षांचे खरे पेपर म्हणजे पीवायक्यू, याच्या तोडीची टेस्ट कुणीच बनवू शकत नाही. आणि पोरं काय करतात, चॅप्टरवाइज पीवायक्यूचं जाड पुस्तक आणतात, प्रत्येक चॅप्टरनंतर त्यातले सगळे प्रश्न सोडवतात, आणि एप्रिलमध्ये २०२५ चा पूर्ण पेपर वेळ लावून द्यायला बसतात तेव्हा त्यातला प्रत्येक प्रश्न आधी पाहिलेला असतो. ६४० पडतात. घरात आनंदीआनंद. ते ६४० खोटे असतात.

त्यापेक्षा असं करा. पुस्तक आणल्याच्या दिवशी पेन्सिल घेऊन बसा आणि शेवटच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नांवर, ज्यांच्यापुढे कंसात वर्ष छापलेलं असतं, त्यांच्यावर फुली मारा. ते चॅप्टरसोबत सोडवायचे नाहीत. ते पेपर एनटीएच्या साइटवरून घेऊन प्रिंट काढून पाकिटात घालून ठेवा, किंवा आईकडे द्या, खरंच. मार्च-एप्रिलमध्ये उघडायचे. बाकी जुने प्रश्न चॅप्टरसोबत बिनधास्त सोडवा.

अजून एक. काही वर्षी दोनदा परीक्षा झाली. २०१५ ला एआयपीएमटी म्हणजे नीटच्या आधीची मेडिकलची परीक्षा रद्द होऊन जुलैत परत झाली, २०१६ ला मे मध्ये पहिला आणि जुलैत दुसरा टप्पा झाला, २०२० ला सप्टेंबरनंतर ऑक्टोबरमध्ये परत पेपर झाला, २०२४ ला जूनमध्ये १५६३ जणांसाठी रीटेस्ट ठेवली होती. हे दुसरे पेपर बहुतेक पोरांच्या नजरेखालून गेलेलेच नसतात. म्हणजे खऱ्या परीक्षेच्या दर्जाचे, न बघितलेले पेपर तुमच्यासाठी तयार आहेत, आणि २०१६ ते २०२० चे तर १८० प्रश्न, १८० मिनिटं या आत्ताच्याच पॅटर्नचे. फक्त सिलॅबसमधून गेलेल्या चॅप्टरचे प्रश्न आधी कुणाकडून तरी खोडून घ्या आणि तेवढी मिनिटं कमी करा.

कधी किती टेस्ट द्यायच्या

चॅप्टर टेस्ट चॅप्टर संपल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या, लगेच नको. लगेच दिली की नुकतंच वाचलेलं असल्यामुळे सगळं येतं असं वाटतं.

फुल टेस्ट निम्म्याहून बराच जास्त सिलॅबस झाल्याशिवाय देऊ नका, अर्धा पेपर न शिकलेल्यावर असेल तर त्यातून कळणार काय. तोवर पार्ट टेस्ट द्या. साधारण डिसेंबर-जानेवारीपासून आठवड्याला एक फुल टेस्ट. मग बारावीची बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, त्या काळात फुल टेस्ट थांबवली तरी चालेल पण बायोचे रोज ३० एमसीक्यू सुटू देऊ नका. आणि बोर्डाकडे दुर्लक्षही करू नका, जनरलला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, नीटला कितीही पडू देत. बोर्ड संपली की शेवटच्या सहा-सात आठवड्यांत आठवड्याला दोन. रोज एक देणारी पोरं असतात, त्यांचं मला वाईट वाटतं, कारण ती खरंच मेहनती असतात पण रोज तीन तास पेपर दिला तर तो तपासायला वेळ कुठून येणार, आणि तपासल्याशिवाय टेस्ट म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तीन तासांच्या पेपरला चार-पाच तास अॅनालिसिस लागतं. लागतंच.

आणि हो, टेस्ट दुपारी २ ते ५ द्या, खरी परीक्षा त्याच वेळेला असते. जेवून झोप येते ती वेळ. सकाळी ताज्या डोक्यानं दिलेल्या मॉकचे मार्क धरून बसू नका. ओएमआर म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका, ती प्रिंट काढून बॉलपेननं भरा, मोबाइलवर टिक करून नाही, १८० गोल काळे करायला दहा-पंधरा मिनिटं जातात आणि ती मोबाइलवरच्या टेस्टमध्ये धरलेली नसतात. बुकलेटचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरायचे, ही पद्धत मला सगळ्यात सुरक्षित वाटते, शेवटी एकदम भरायला ठेवलं की एक ओळ सरकते आणि पुढचं सगळंच सरकतं.

टेस्ट झाल्यावर

माझ्या मावसभावाचं उदाहरण देते, त्याच्या परवानगीनं. जानेवारीत त्याला एका फुल टेस्टमध्ये ४३८ पडले. बायो २६२, केमिस्ट्री ९८, फिजिक्स ७८. घरी लगेच ठरलं की फिजिक्स कच्चं आहे, फिजिक्सची वेगळी ट्यूशन लावायची. मावशीनं मला फोन केला कुठली लावू म्हणून. मी म्हटलं थांब, आधी मला त्याचा पेपर दे.

आम्ही दोघं रविवारी बसलो. तिन्ही विषय मिळून त्याचे ४६ प्रश्न चुकले होते. प्रत्येक चुकीपुढे त्यानं स्वतः लिहायचं की का चुकलं, आणि कारणं चारच. प्रश्नच नीट वाचला नाही. माहीत होतं पण दोन पर्यायांत अडकलो. काहीच येत नव्हतं, तुक्का मारला. आकडेमोड किंवा ओएमआर. मला वाटलं होतं तुक्केच जास्त निघतील. निघालं असं की १२ प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेले, त्यातले बरेचसे ‘खालीलपैकी कोणते विधान चूक आहे’ यातला ‘चूक’ शब्द न दिसल्यामुळे. १५ दोनात अडकल्यामुळे, त्यातले ११ बायो आणि इनऑर्गॅनिकचे, म्हणजे एनसीईआरटी वाचलंय पण घट्ट नाही. १३ तुक्के. ६ आकडेमोड, सेंटीमीटरचं मीटर करायचं राहिलं असलं काहीतरी.

आता हिशोब करा. येत असलेला प्रश्न चुकला की ४ जातात आणि वर १ कापला जातो, म्हणजे ५ चा खड्डा. न वाचलेले १२ आणि आकडेमोडीचे ६ मिळून १८, गुणिले ५, म्हणजे ९० मार्क. एकही नवीन चॅप्टर न शिकता. दोनात अडकलेले १५, म्हणजे अजून ७५, तेही वाचलेल्याच पुस्तकातून. आणि घरचे ट्यूशन शोधत होते. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ना, तेच.

मग त्याचं ठरलं ते असं. पहिले तीन आठवडे नवीन काहीच नाही. रोज एनसीईआरटी बायोचे दोन चॅप्टर ओळ न् ओळ, आकृत्यांखालची वाक्यं आणि चॅप्टरच्या शेवटची समरी धरून, आणि जिथे मागच्या टेस्टमध्ये अडकला होता त्या ओळीवर मार्जिनमध्ये टेस्टचा नंबर लिहायचा. ज्या पानावर दोन नंबर आले ते पान आठवडाभर रोज. प्रश्न वाचताना ‘चूक’, ‘नाही’, ‘वगळता’ असे शब्द आले की पेननं गोल करायचा, मगच पर्याय बघायचे. फिजिक्सच्या आकडेमोडीत उत्तर लिहायच्या आधी युनिट लिहायचं. बस, एवढंच. पाच आठवड्यांनी त्याच सिरीजमध्ये ५०१ आले. फिजिक्सला तेव्हाही ९० च होते. फिजिक्स त्यानंतर हातात घेतलं.

तुक्क्याबद्दल दोन टोकाचे सल्ले मिळतात, एकही प्रश्न सोडू नको आणि एकही तुक्का मारू नको. गणित काय सांगतं बघा. चार प्रश्नांवर डोळे मिटून गोल केले तर सरासरीनं एक बरोबर, तीन चूक, +४ आणि −३, म्हणजे चार प्रश्नांत १ मार्क. नुकसान नाही पण फायदाही नाही. एक पर्याय नक्की कटला असेल तर तीन प्रश्नांत २. दोन कटले असतील तर दोन प्रश्नांत ३. पण हे झालं सरासरीचं, तुमचं काय ते तुमच्या पेपरातच बघायचं. मॉकमध्ये तुक्का मारला की बुकलेटमध्ये ‘तु’ लिहा, दोनात अडकलात तर ‘२’ लिहा. मावसभावाचे ‘तु’ होते १७, बरोबर आले ४, हाती आले ३ मार्क. ‘२’ होते २६, त्यातले ११ बरोबर, १५ चूक, तरी ४४ वजा १५ म्हणजे २९ मार्क. म्हणजे दोनात अडकलेला प्रश्न त्यानं सोडायचा नाही, आणि तुक्क्यावर एक मिनिटही घालवायचं नाही, हे त्याच्यासाठी ठरलं. तुमचे आकडे वेगळे येतील, दोन-तीन टेस्टचे मिळून बघा.

विषयांचा क्रम

बायो निम्मा पेपर आहे. शिवाय दोघांचे मार्क सारखे झाले तर आधी बायोचे मार्क बघतात, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. बायोला ३०० च्या वर स्थिर होईपर्यंत बाकी कशाला पहिला नंबर देऊ नका असं मी सगळ्यांना सांगते. स्टेट बोर्डवाल्यांनी एक लक्षात ठेवा, बालभारतीचं पुस्तक बोर्डासाठी लागतंच, पण नीटची वाक्यं एनसीईआरटीची असतात, तेव्हा बायो आणि इनऑर्गॅनिकला एनसीईआरटी वेगळं वाचावंच लागतं. दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाचा आणि एनसीईआरटीत जे जास्तीचं आहे ते अधोरेखित करा, दुसऱ्या वेळेपासून तेवढंच.

केमिस्ट्री तीन विषय आहेत असं समजून टेस्ट तपासा. फिजिकल, ऑर्गॅनिक, इनऑर्गॅनिक यांचे मार्क वेगवेगळे लिहा. केमिस्ट्री कच्ची आहे असं म्हणणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं एकच अंग कच्चं असतं. इनऑर्गॅनिक असेल तर ते थोड्या दिवसांत सुधारतं, कोऑर्डिनेशन कंपाउंड्स, केमिकल बाँडिंग, पीरिऑडिसिटी, पी ब्लॉक वाचून आणि लिहून. ऑर्गॅनिक असेल तर जीओसी म्हणजे जनरल ऑर्गॅनिक केमिस्ट्रीपासून परत सुरू करावं लागतं, रिअॅक्शन नुसत्या पाठ करून भागत नाही.

फिजिक्समध्ये मात्र निवड करावीच लागते, विशेषतः वेळ कमी असेल तर. मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर, करंट इलेक्ट्रिसिटी, थर्मोडायनॅमिक्स, युनिट्स आणि एक्सपेरिमेंटल स्किल्स इथे घातलेल्या तासाचं लवकर चीज होतं. रोटेशनल मोशनला आठवडा जातो आणि तरी धाकधूक राहते. तो सोडा असं मी म्हणत नाही, त्यातलं मोमेंट ऑफ इनर्शिया, टॉर्क, अँग्युलर मोमेंटमचं कॉन्झर्व्हेशन एवढं सरळ करून ठेवा, आणि अवघड रोलिंगचे प्रश्न बाकी झाल्यावर. कुठला चॅप्टर आधी हे कुणाच्या यादीवरून ठरवू नका, स्वतःच्या शेवटच्या तीन टेस्ट समोर ठेवा, ज्या चॅप्टरमधले प्रश्न तिन्हीत आले आणि तुम्ही दोनदा तरी ‘२’ लिहिलंत तो पहिला. जिथे तिन्ही वेळा ‘तु’ लिहिलंय तो नंतर.

ज्यांचं फार्मसी वगैरेसाठी एमएचटी सीईटी पण चालू आहे त्यांनी तिचे मॉक वेगळे ठेवा. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, कॉम्प्युटरवर असते आणि बारावीच्या सिलॅबसवर भर जास्त असतो. सीईटीच्या मॉकनंतर लगेच नीटचा मॉक दिला की सगळं ठोकत सुटायची सवय येते, मधे एक दिवस जाऊ द्या.

पेपरात वेळ कसा वाटायचा तेही मॉकमध्येच ठरवा. बायो ४५ ते ५० मिनिटं, केमिस्ट्री ५० च्या आसपास, फिजिक्सला तासभर, आणि उरलेली ओएमआर व परत बघण्यासाठी. बायो आधी करायचं हे बहुतेकांना जमतं. फिजिक्स आधी करून बघायचं असेल तर जानेवारीत बघा, एप्रिलमध्ये क्रम बदलू नका.

शेवटच्या आठवड्यात एकच फुल टेस्ट, तीही परीक्षेच्या पाच-सहा दिवस आधी, आणि त्या पाकिटातल्या खऱ्या जुन्या पेपरांपैकी. त्यानंतर नवीन प्रश्न बघायचेच नाहीत. तेव्हा उघडायचं ते फक्त बायोचं एनसीईआरटी, जिथे मार्जिनमध्ये टेस्टचे नंबर लिहिलेत ती पानं, आणि फिजिक्सच्या फॉर्म्युल्यांची वही. माझ्या भावाची अशी पानं भरली एकूण ६३, दोन दिवसांत आरामात दोनदा वाचून झाली.